ड्रीप चालू होतं, तरी झाडं सुकली

मॅडम, नमस्कार.

निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मी बी.एस्सी. बॉटनी करून दोन वर्षांपासून घरची शेती बघतो. एप्रिल छाटणीनंतर फुटवा चांगला निघाला होता. मागच्या आठवड्यात मामेभावाच्या लग्नाला चार दिवस जायचं होतं, म्हणून चार दिवसांचं खत मी एकाच रात्री ड्रीपमधून सोडलं. खत संपलं आणि लाइट गेली. मागून साधं पाणी द्यायचं राहिलं, आणि सकाळी मी तसाच निघून गेलो. परत आलो तर एका प्लॉटमध्ये पानांच्या कडा करपलेल्या, शेंड्यांनी मान टाकलेली. जमीन मात्र हाताला ओली लागत होती. बाबांनी विचारलं, 'जमीन ओली आहे, मग झाड सुकतंय कशानं?' मी एक्सॉस्मॉसिस (पेशीतलं पाणी बाहेर जाणं), प्लाझ्मोलिसिस (त्यामुळे पेशी आतून आक्रसणं) असं सांगायला लागलो. ते म्हणाले, 'एवढं ठाऊक होतं तर सोडलंस कशाला?' तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

त्यात यंदा बारावीत गेलेली बहीण विचारते, 'दादा, मुळाच्या आत बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त असतात ना? मग खत आत येतंच कसं? ते उलट बाहेर जायला पाहिजे.' मला उत्तर देता आलं नाही. बाग वाचेल का? बहिणीला काय सांगू? आणि बाबांना?

– एक पदवीधर, निफाड तालुका

*

अरे पदवीधरा,

प्रश्नांचा क्रम तू दिलास तोच ठेवते. बाबांचा राग दोन दिवस थांबेल, बाग थांबणार नाही.

उद्या पहाटे, ऊन चढायच्या आत बागेत जा. रात्रीतून शेंडे ताठ झाले असतील तर मुळी जिवंत आहे, कमी का होईना पाणी ओढते आहे. पहाटेही मान पडलेलीच दिसली तर मग ड्रीपरखाली वीतभर उकरून बघ. पांढरी मुळी दिसली तर जीव भांड्यात पडेल. तपकिरी, लिबलिबीत निघाली तर तेवढी मुळी गेली असं समज, नवी फुटायला वेळ द्यावा लागेल.

काहीही दिसलं तरी आत्ता उपाय एकच, साधं पाणी. खत पूर्ण बंद. दुकानदार ह्युमिक, अमिनो, कसलंसं टॉनिक पुढे करेल. ते कदाचित चांगलंही असेल, पण आज नको. टाकीत विरघळणारी प्रत्येक वस्तू त्या मुळीवर आणखी ओझं टाकते. पाणीही एकदम मोकाट सोडू नकोस. तुमच्याकडची काळी जमीन पाणी सावकाश पिते. थोडं दे, मुरू दे, पुन्हा दे. क्षार मुळांच्या खाली ढकलायचे आहेत, बागेचं तळं करायचं नाही. (तळं का नको, ते बहिणीच्या प्रश्नात येईल.) शक्य असेल तर विहिरीच्या पाण्याचा ईसी, म्हणजे त्यात क्षार किती याचं माप, तेही मोजून घे. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते, आणि ज्याला आपण साधं पाणी म्हणतो ते तेवढं साधं नसतं.

आता एक गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. वळवाचा पाऊस आला, नुसता शिडकावा जरी झाला, तरी धावत जाऊन ड्रीप बंद करू नकोस. चालूच ठेव. ड्रीपरभोवती जो ओला गोळा तयार होतो, त्याच्या कडेला आणि वरच्या पापुद्र्यात क्षार साठत जातात. उन्हाळ्यात तिथे कधी पांढरट वलय दिसतं ना, तेच. हलका पाऊस ते क्षार विरघळवून सरळ मुळांकडे ढकलतो, आणि त्यांना खाली लोटण्याएवढं पाणी मात्र त्या पावसात नसतं. ड्रीप चालू असलं तर आतून बाहेर जाणारा प्रवाह त्यांना अडवून धरतो. आधीच भाजलेल्या मुळीला दुसरा चटका बसायला नको.

आणि गोण्या तपास. पोटॅश म्हणून स्वस्तातला पांढरा ०:०:६० वापरला असशील तर त्यात क्लोराइड आहे, आणि द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही. बागेला ०:०:५० बरं. पानांच्या कडाच आधी करपल्या याचं कारणही इथेच आहे. पाण्याबरोबर चढलेले क्षार पानाच्या टोकाकडे, कडेकडे जातात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. दूध आटलं की पातेल्याच्या कडेला साय धरते, तसं.

बाग वाचेल का? एकाच प्लॉटमध्ये, एकाच वेळी झालेली चूक आहे, आणि तुमची झाडं जुनी असतील तर त्यांची मुळं ओल्या गोळ्याच्या बाहेरही गेलेली असतात. मला आशा वाटते. क्षार सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर कलम केलेली असतील तर आणखी थोडी जास्त. तरी माती-पाण्याचा नमुना घेऊन गंगापूर धरणाच्या रस्त्यावर मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे तिथल्या तज्ज्ञांना भेट. मी झाडांची मास्तरीण, बागेची डॉक्टर नव्हे. एक आकडा मात्र वहीत लिहून ठेव. मातीच्या संपृक्त अर्काचा (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) ईसी १.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला की द्राक्षाचं उत्पन्न घटायला लागतं. टोमॅटो २.५ पर्यंत सोसतो. आपला कांदा तर १.२ लाच कुरकुरायला लागतो, एवढ्या तिखट तोंडाचं पीक आणि इतकं नाजूक.

आता तुझी लाज थोडी कमी व्हावी म्हणून माझी एक गोष्ट. मी एम.एस्सी. होऊन नुकतीच शिकवायला लागले होते. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम व्हायचं. बर्फ, जाडं मीठ, आणि हँडल फिरवायला रांगेत उभी सगळी पोरं. रात्री सगळं आवरताना पॉटमधलं ते मिठाचं गार पाणी मी अंगणातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं. का? हातात बादली होती आणि समोर झाड होतं. आठवड्याभरात ते झाड गेलं. त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला परासरण, म्हणजे पटलातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं, शिकवत होते, फळ्यावर बाण काढून. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढची दोन वर्षं फोडणी करताना 'कढीपत्ता विकत आणावा लागतो हल्ली' असं म्हणायच्या. म्हणजे ठाऊक असणं आणि हातात बादली असताना आठवणं, यात अंतर असतं. तुझे बाबा जे बोलले ते बरोबरच बोलले, पण तसं ते कुणालाही बोलता आलं असतं, मलाही.

बरं, झालं काय ते बघू. इथे मी तुलाही जरा दुरुस्त करणार आहे. तू प्लाझ्मोलिसिसपर्यंत धावलास. पेशीतलं पाणी बाहेर ओढलं गेलं, आतलं द्रव्य भिंतीपासून सुटलं, हे मुळीच्या अगदी टोकाशी झालंही असेल. पण झाड सुकायला एवढं व्हावं लागत नाही. मुळीत पाणी शिरतं ते बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा पातळ असतं म्हणून. बाहेरचं दाट होत गेलं की हा उतार कमी होतो आणि आत येणारी धार बारीक होते. वर मे महिन्याचं ऊन पानांतून पाणी ओढतच असतं. खर्च तोच, आवक निम्मी. मुळी रिकामी होण्याआधीच शेंडा मान टाकतो. शिवाय त्या रात्रीनंतर चार दिवस जमीन सुकत गेली. पाणी निम्मं झालं की तेवढंच खत दुप्पट दाट. पहिल्या दिवशी जेमतेम सोसलं असेल ते चौथ्या दिवशी सोसलं नसेल.

बाबांनी माती हातात घेतली, ती ओली लागली. हाताला ओल कळते. त्या ओलीतलं किती पाणी क्षारांनी धरून ठेवलंय, ते हाताला कळत नाही. मुळीला तेवढंच कळतं.

हे बाबांना बोलून सांगू नकोस, दाखव. दोन पेले घे. एकात माठातलं पाणी, दुसऱ्यात तू व्हेंचुरीला (ड्रीपमध्ये खत ओढून घेणाऱ्या नळीला) लावतोस त्या टाकीतलं खताचं पाणी. एकाच बटाट्याच्या बोटाएवढ्या फोडी कापून दोन्हीत टाक आणि चहा-नाश्ता होऊ दे. दोनएक तासांनी बाबांना दोन्ही फोडी वाकवायला सांग. एक कडक, मोडायला जाईल. दुसरी रबरासारखी वाकेल, पाण्यात बुडालेली असूनही. पाण्यात राहून तहानलेली फोड हातात आली की 'ओली जमीन, सुकलं झाड' हे वेगळं समजवावं लागणार नाही. आई कैरीच्या फोडींना मीठ लावते तेव्हा सुटणारा खार, रात्री भिजवलेला बेदाणा सकाळी फुगतो तो, आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की मणी तडकतात ते, सगळं त्याच घराण्यातलं. मण्यात साखर दाट, बाहेर पावसाचं निव्वळ पाणी; ते सालीतूनही शिरतं, मुळीतूनही वर येतं, आणि साल किती ताणणार?

आता बहीण. तिचा प्रश्न तुझ्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, आणि तिला तो स्वतःला सुचला याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेक मुलं 'जास्तीकडून कमीकडे' पाठ करतात आणि पुढच्या धड्याला लागतात.

तिला सांग, पाण्याची गोष्ट वेगळी आणि क्षारांची वेगळी. पेशीभोवती जे पटल असतं ते चरबीच्या दोन थरांचं, जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाड. डोक्यावरच्या केसाचे उभे दहा हजार पापुद्रे काढले तर एक तेवढा होईल. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून आरपार जातात, कुणाला विचारत नाहीत. विद्युतभार असलेल्या नायट्रेट, पोटॅशियम, फॉस्फेट यांना मात्र ते तेलकट पटल शिरू देत नाही. त्यांना दार लागतं, आणि प्रत्येकाचं दार वेगळं.

पाण्यालासुद्धा दार आहे, हे कळायला १९९२ साल उजाडावं लागलं. पीटर आग्रे नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ रक्तगटाच्या ऱ्हिसस प्रथिनावर काम करत होते. त्यात भलतंच एक प्रथिन सापडत राहिलं, कशासाठी आहे ते कळेना. शेवटी त्यांनी ते प्रथिन बनवण्याची आज्ञा बेडकाच्या अंड्यांत टोचली आणि अंडी पातळ पाण्यात सोडली. बेडकाचं अंडं एरवी तळ्यात निवांत असतं, फुगत नाही. ही अंडी बघता बघता फुगली आणि फुटली. तेच ॲक्वापोरिन. एका दारातून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी पाण्याचे रेणू जातात. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. या दाराची मला सगळ्यात आवडणारी खोड अशी की इतकं पाणी जाऊ देताना ते एकाही प्रोटॉनला, म्हणजे हायड्रोजनच्या धनभारित कणाला, बरोबर सरकू देत नाही. ही कंजुषी का, ते आता बघ.

तुमच्याकडे विहिरीतलं पाणी मोटरने वरच्या टाकीत चढवता ना? लाइट असते तेव्हा चढवायचं, मग टाकीतून ते आपल्या वजनाने खाली येतं आणि त्या जोरावर पुढचं काम होतं. मुळीची पेशी हेच करते, फक्त पाण्याऐवजी प्रोटॉन वापरते. पटलात बसलेला पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, खर्चून प्रोटॉन सारखे बाहेर फेकतो. बाहेर आम्लता वाढते, आत ऋणभार साचतो, शंभर-दीडशे मिलिव्होल्टचा. ही भरलेली टाकी. पोटॅशियम धनभारित, त्यामुळे आतल्या ऋणभाराकडे ओढलं जाऊन आपल्या दाराने येतं. आत ते जास्त असलं तरी येतं. नायट्रेटचं दुखणं दुहेरी. आत आधीच जास्त, त्यात स्वतः ऋणभारित, म्हणजे ढकललंच जाणार. पण बाहेर फेकलेले प्रोटॉन आत परतायला आसुसलेले असतात, आणि नायट्रेटचं दार असं घडवलंय की प्रोटॉनला एकट्याने शिरता येत नाही, नायट्रेटला हाताला धरूनच यावं लागतं. लग्नाच्या पंगतीत खऱ्या पाहुण्याबरोबर बिनआमंत्रणाचा एखादा शिरतो तसं, फक्त इथे तो बिनआमंत्रणाचाच यजमानाला हवा असतो. फॉस्फेटही असंच येतं.

म्हणून ॲक्वापोरिनची कंजुषी. त्यातून प्रोटॉन गळायला लागले तर टाकी भोकाची झाली, मग मोटर कितीही चालवा.

बहिणीच्या पुस्तकात सोडियम-पोटॅशियम पंप असेल. एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूत दाखवला, नोबेल मिळालं १९९७ ला, चाळीस वर्षांनी. पण तो प्राण्यांचा. द्राक्षाच्या मुळीत तो शोधू नकोस म्हणावं, तिथे प्रोटॉनचं राज्य. परीक्षेत ही गल्लत हमखास होते.

तर तिच्या प्रश्नाचं उत्तर असं: खत आपण होऊन आत येत नाही, पेशी त्याच्यासाठी पैसे मोजते. पाणी फुकट, खत विकत. आणि पैसे म्हणजे एटीपी येतो श्वसनातून. मुळीला हवा मिळाली तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे तीसेक एटीपी हातात पडतात. हवा नसेल तर दोन. जमिनीत पाणी तुंबलं की मातीतल्या पोकळ्यांतली हवा जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने दहा हजार पटींनी हळू सरकतो. मोटरची लाइट गेली. टाकी उतरते, भरल्या ताटावर झाड उपाशी. मघाशी मी तळं करू नको म्हटलं ते यासाठी. क्षार धुवायच्या नादात मुळी गुदमरली तर एक दुखणं काढून दुसरं लावून घेशील.

आणि इथे मला तुझे बाबा आठवले, मी त्यांना कधी भेटले नसले तरी. त्यांना विचार, पाऊस सलग लागला की खत का सोडत नाही? ते म्हणतील, वापसा आल्याशिवाय काही द्यायचं नसतं. वापसा! मातीत ओल आहे आणि हवाही आहे, पाय घातला तर चिखल नाही आणि ढेकूळही नाही, या एका अवस्थेला आपल्या शेतकऱ्याने एक शब्द ठेवलाय. मी ऑक्सिजन, एटीपी, प्रोटॉन असं करत जिथे पोचले, तिथे ते रोज सकाळी पायाच्या अंगठ्याने माती दाबून पोचतात. मी हे गोड बोलण्यासाठी लिहीत नाही. त्यांना प्रोटॉन माहीत नाहीत, आणि तुला रात्री लाइट गेल्यावर मागचं पाणी राहिलं तर लग्नाला जाण्याआधी कुणाला तरी सांगून जावं हे माहीत नव्हतं. बाबांना रात्री उठवलं असतंस तर लाइट आल्यावर त्यांनी दोन तास पाणी सोडलं असतं. त्यांचा राग परासरणावर नाही, यावर आहे असा माझा अंदाज.

तेव्हा आधी ते एक वाक्य बोल. 'बाबा, चूक झाली, तुम्हाला सांगून जायला पाहिजे होतं.' त्यात एकही इंग्रजी शब्द नको. उत्तराची वाट बघत उभाही राहू नकोस, ते देणार नाहीत. पहाटे शेंडे बघायला त्यांना बरोबर ने. उकरायचं काम त्यांनाच करू दे, पांढरी मुळी ओळखण्यात त्यांची नजर तुझ्यापेक्षा पक्की असेल. पेल्यांचा प्रयोग त्यानंतर, घरी परतल्यावर, बहिणीच्या हातून करव. तुझ्या हातून झाला तर ते पुन्हा शिकवणं होईल. तिच्या हातून झाला तर पोरीचा अभ्यास. मग तिने तिचा प्रश्न बाबांसमोर मोठ्याने विचारावा आणि तू गप्प बसावंस. वापशाचा विषय ते स्वतः काढतात की नाही ते मला कळव, मला उत्सुकता आहे.

खताच्या पाण्यातली फोड मात्र गोठ्यात टाकू नकोस, आणि तो पेला आईच्या फळीवर परत ठेवू नकोस.

– तुझी मॅडम, नाशिक